आवाज मेकॅनिकला लाजतो

गॅरेजमध्ये भंगार साचतं तसेच किस्सेही साचतात. फरक एवढाच की भंगारवाला अधूनमधून येऊन भंगार नेतो, किस्से मात्र कोणी नेत नाही! मग संध्याकाळी शटर अर्धं ओढून मी आणि शेजारचा डेंटिंगवाला रफिकभाई चहा पीत तेच तेच किस्से एकमेकांना सांगत बसतो. थोड्या वेळाने त्याला घरून फोन येतो, तो उठतो. मला फोन येत नाही. उरलेला किस्सा मी मनातल्या मनात पूर्ण करतो आणि मागच्या खोलीत जाऊन खिचडी लावतो.

माझं गॅरेज यवतमाळला, आर्णी रोडला. काम गाड्यांच्या वायरिंगचं, पण नाव झालं ते डॅशबोर्डमागून येणाऱ्या आवाजांमुळे. कुठे टक टक, कुठे कर्र कर्र. ज्याचा कोणाला पत्ता लागत नाही तो आवाज माझ्याकडे येतो. आणि आवाजाची एक खोड आहे, तो मेकॅनिकला लाजतो. रस्त्याने बोंबलत आलेली गाडी माझ्या दारात आली की चूप! म्हणून मी गिऱ्हाइकालाच गाडी चालवायला लावतो आणि आपण शेजारी कान देऊन बसतो. निघताना माझं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "आधी इंडिकेटर बंद करा." बऱ्याच गाड्यांचा आवाज तिथेच मिटतो!

*

आवाज कसा येतो, हे प्रत्येक जण तोंडाने करून दाखवतो. एकदा एक बडे साहेब आले. मी बॉनेटपाशी, ते गाडीत. "असा येतो बघा," म्हणत त्यांनी जिभेने टक्-टक् केलं.

"साहेब, मले आयकू नाही आलं. जरा जोऱ्यानं करा."

त्यांनी आणखी जोरात केलं. तेवढ्यात रफिकभाईची शेळी दावं तोडून धावत आली आणि थेट गाडीच्या खिडकीत तोंड घालून उभी राहिली!

साहेब माझ्यावरच डाफरले, "बघा! शेळीला ऐकू येतं, तुम्हालाच येत नाही!"

*

महागावचे एक सोयाबीनचे व्यापारी आले. एसी लावला की डॅशबोर्डमधून कट कट कट. मी अख्खा डॅशबोर्ड सोडवला. आत पंख्याच्या डब्यात मूठभर सोयाबीन! सौद्याच्या वेळी मालाचा नमुना काचेपाशी ठेवायची त्यांची सवय. ब्रेक लागला की दाणे जाळीतून आत. काही दाण्यांना तर मोड आलेले.

मी सगळे दाणे त्यांच्या तळहातावर ठेवले. मला वाटलं, माणूस लाजेल. त्यांनी एक दाणा उचलला, दाताखाली धरून कटकन फोडला आणि मान हलवली.

"वलावा जास्त आहे. या भावात नाही घेनार!"

*

माझं लग्न जमवायचा विडा एकदा रफिकभाईने उचलला होता. नोकरीवाल्याशिवाय पोरगी द्यायची नाही असं सगळीकडे ठरलेलं, तरी त्याने मुलीकडचा एक पाहुणा तयार केला. पाहुणा मोठा हुशार. पोरगा कसा आहे ते आधी कामावर पाहावं, म्हणून गिऱ्हाईक बनून आला. "डॅशबोर्डात आवाज येते," म्हणाला.

आवाज नव्हताच! मला काय माहीत? मी त्याला गाडी चालवायला लावली. तो आवाजाचं सोडून विचारतो, "घरी कोन कोन आहे? शेती किती?" मी म्हटलं, "काका, बोलू नका, मले आयकू द्या!" परत येऊन मी डॅशबोर्ड उघडला, सगळ्या क्लिपा तपासल्या, पुन्हा बसवला. दुपार गेली.

शेवटी दोन स्क्रू उरले. ते माझ्या हातात, आणि पाहुण्याचं लक्ष माझ्या हाताकडे. पाहुणा उठला. जाताना रफिकभाईच्या कानात म्हणाला, "पोरगा कष्टाळू आहे. पन हा संसार बी असाच जोडन!"

रफिकभाई हा किस्सा सांगतो तेव्हा मीही पोट धरून हसतो. एकटा असलो की मात्र तो मला तितकासा आवडत नाही.

*

आता राळेगावच्या देवरावजींचं सांगतो. यांनी जन्मभर काळीपिवळी जीप चालवली. जागा नवाची आणि माणसं सोळा, वर कोंबड्या वेगळ्या! जीपमध्ये हॉर्न सोडून सगळं वाजायचं, हे ते स्वतःच सांगत. म्हातारपणी पुण्याच्या मुलाने आपली जुनी छोटी गाडी त्यांना दिली. पुढे त्यांच्या घरच्या काकू वारल्या, आणि त्यानंतर देवरावजी माझ्याकडे यायला लागले.

"मी एकटा चालवतो तवा टक टक वाजते. कोनी बाजूले बसलं का बंद. आता तूच सांग भाऊ, मी एकटा आहो हे गाडीले कसं समजते?"

आम्ही फेरी मारून आलो. आवाज नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा आले, पुन्हा नाही. रफिकभाई म्हणाला, "जिंदगीभर खटारा चलाया, अब एक टक टक से नींद उड गयी! अरे, काका को आवाज नही, चाय चाहिये!"

पण देवरावजींना हसू आलं नाही. मुलगा सुट्टीत आला होता, शेजारी बसून फिरला होता, त्यालाही काही ऐकू आलं नव्हतं. तो म्हणाला होता, "बाबा, तुम्हाला भास होतात. एकटं राहणं बंद करा आता. दिवाळीनंतर गाडी विकू आणि तुम्ही पुण्याला चला."

"मले येडा ठरवून राह्यला तो," देवरावजी म्हणाले. "आवाज सापडला नाही तं माही गाडी बी गेली न गाव बी गेलं. तिथं चौथ्या माळ्यावर बसून काय करू मी? लिफ्ट कितीदा वर गेली ते पाहू?"

खरं सांगायचं तर, तोवर मलाही वाटायला लागलं होतं की आवाज नाहीच. तरी मी त्यांना कधी परत पाठवलं नाही. त्या फेरीत कोणीतरी माझ्याशी तासभर बोलायचं, आणि ते मला हवं होतं.

*

दिवाळी जवळ आली तेव्हा ते माझ्यासाठी संत्री घेऊन आले. थैली समोरच्या सीटवर ठेवलेली, म्हणून मी आपला मागे बसलो. गाडी हायवेला लागली न लागली तोच समोरून आलं, टक. टक. टक-टक.

"देवरावजी!" मी ओरडलो.

त्यांनी गाडी कडेला घेतली आणि वळून माझा हातच धरला. "आयकला? आयकला ना तू?"

"आयकला!"

त्यांचे डोळे भरून आले. कोणाचं म्हणणं खरं ठरताना एवढं बरं वाटतं हे मला ठाऊक नव्हतं. लगेच त्यांनी मुलाला फोन लावला, माझ्या हातात दिला आणि गाडी पुन्हा काढली. मी मागून वाकून फोन डॅशबोर्डपाशी धरला. मग मुलगा म्हणाला, "हो बाबा. येतोय आवाज. खरंच येतोय. राहू द्या गाडी."

गॅरेजमध्ये आलो तर रफिकभाईने स्वतःच्या खिशातून पेढे आणले! मी बाजूच्या सीटसमोरचा, कागदपत्रं ठेवायचा कप्पा काढला. त्याच्या मागे पंख्याचा प्लास्टिकचा डबा असतो, त्याचा स्क्रूचा एक कान तुटलेला. गाडी हलली की डबा लोखंडी पट्टीवर आपटायचा. कप्प्याला पुढून दाब बसला की डबा घट्ट, आवाज बंद. देवरावजींच्या गाडीत बाजूची सीट पार पुढे ओढलेली होती आणि ती ते कोणाला मागे सरकवू देत नसत. म्हणून जो बसेल त्याचे गुडघे कप्प्याला टेकायचे. माझे टेकायचे, मुलाचेही टेकले असणार.

"हे तुटून किती दिवस झाले असन?" त्यांनी विचारलं.

तुटलेल्या कडेवर मातीचा थर होता. "लय जुनं आहे. काही वर्षं तरी झाली असतील."

"नाही रे. तुही काकू होती तवा नव्हतं वाजत. तिच्याबिगर गाडी कधी काढलीच नाही मी."

मी काढलेला कप्पा त्यांच्यापुढे धरला. झाकणावर दोन जागी रंग घासून गुळगुळीत झाला होता, गुडघ्यांच्या उंचीवर. त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला.

"मी म्हनो, सीट मांगं घे, गुडघे दुखते तुहे. तं म्हने, असू द्या, असंच बरं आहे."

रफिकभाईने पेढ्यांचा पुडा मिटून बाजूला ठेवला.

"आवाज पह्यल्यांदा आला तो दवाखान्यात नेतानी," देवरावजी म्हणाले. "तिले मांगच्या सीटवर झोपवलं होतं. बोलता येत नव्हतं. आवाज सुरू झाला तशी ती उठाले पाहे न सारखी समोर, त्या सीटकडं हात दाखवे. तिथं बाटली होती, मले वाटलं, पानी मांगून राह्यली. गाडी थांबवून पाजलं."

"मग?"

"दोन घोट घेतले. न पुन्हा समोर हात दाखवला. मी अजून पाजलं."