डायल रंगवू नका

वर्ध्याला रेल्वेतून उतरत होतो तेव्हाच सुमनताईंचा फोन आला. त्यांच्या दिवंगत वडिलांचं छोटं मनगटी घड्याळ मी माझ्या संग्रहासाठी न्यायला आलो होतो.

"दादा, घडी (घड्याळ) रंगवाले टाकली. डायल कसं चकाचक होते पाहा!"

"नको, थांबवा!" मी ओरडलो. पण फोन कटला तो पुन्हा लागेचना.

जुन्या डायलवर नवा रंग चढला की संग्राहकाच्या लेखी घड्याळ मेलं. स्टँडवर घेतलेले तर्री-पोहे तसेच राहिले. सुमनताईंच्या गावाची, समुद्रपूरची बस प्रत्येक फाट्यावर थांबत होती, बाहेर पऱ्हाटी (कपाशीची झाडं) संपता संपत नव्हती.

शेजारच्या काकांचं लक्ष माझ्या मनगटाकडे गेलं. "काऊन (का) गा, बायकोची घडी घालून आला काय?"

"पुरुषांचीच आहे, काका. पूर्वी एवढीच असायची."

"मंग आता काऊन मोठी झाली?"

"दुसऱ्याला दिसावी म्हणून."

ते खो खो हसले. मी मात्र हे मनापासून मानतो. घरात चळवळीच्या पत्रकांचे गठ्ठे असत, त्यांवर बसून मी वाचायला शिकलो. चौकातल्या फ्लेक्सपेक्षा मुठीत मावणाऱ्या कागदावर माझा विश्वास आहे. लहान घड्याळही तसंच. बाहीखाली राहतं, ज्याला वेळ हवी त्यालाच सांगतं.

समुद्रपूरला उतरून धावतच गावातलं एकमेव घड्याळ दुरुस्तीचं दुकान गाठलं. कारागिराने डायल चिमट्यात धरलं होतं, ब्रश रंगात बुडालेला.

"थांबा!"

पिवळसर डायलवर तपकिरी डाग होता. मला हवा होता तो हाच.

स्टुलावर सुमनताई बसल्या होत्या. जय भीम झाला. "काऊन थांबवलं, दादा?"

"तो डागच खरा इतिहास आहे, ताई. श्रमाचा पुरावा. प्रदर्शनात लोकांना तोच दाखवायचाय."

"तो माह्या बाबाचा घाम आहे. जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलल्या त्यानं. पण सभेले जाताना धुतलेला सदरा घाले, घडी पुसून बांधे. आता तुम्ही त्याले चार लोकांत नेता, तं मळक्यानं न्याचं काय?"

स्वच्छ राहा, मान वर करून चाला, हे आमच्या घरातल्या कितीतरी पत्रकांत छापलेलं होतं. आणि मी त्यांच्या वडिलांना घामट कपड्यांत लोकांपुढे उभं करणार होतो, कारण मला ते तसे शोभून दिसत होते.

"रंगवा," मी कारागिराला म्हणालो.

रंग वाळल्यावर निघालो, परतीच्या बसमध्ये ते घड्याळ मनगटावर होतं. डायल पांढरंशुभ्र, हाताने काढलेला सहाचा आकडा किंचित तिरका. संग्राहक मित्र काय म्हणतील याची धाकधूक गेलेली नव्हती.

तिकीट देताना कंडक्टरने विचारलं, "नवी घेतली काय जी?"

"जुनी आहे," मी म्हणालो. "सभेला निघालीय."

आणि बाही वर सारून ठेवली.