रिकाम्या जागेला दिलेला हात

शेवटचं आम्ही दोघांनी मिळून काय केलं, तर गोधडी पिळली. पंचवटीतल्या आमच्या खोलीमागच्या मोरीवर. ओली गोधडी एकट्याच्यानं पिळत नाही. एक टोक तिच्या हातात, एक माझ्या.

"अरे, उलटं फिरव! एवढी वर्षं झाली, तरी कळंना ह्याला."

"तूच फिर की सुलटी."

आमच्या डोंगरातल्या बायका नवऱ्याला अरे-तुरेच करतात. ती हसली, तिच्या हातचं टोक सुटलं आणि सगळं पाणी माझ्या पायावर. दुसऱ्या दिवशी दुपारी छातीत दुखतंय म्हणाली. रिक्षा द्वारका चौकातल्या गर्दीत अडकली, तिथंच तिनं माझ्या खांद्यावर मान टाकली.

आम्ही मूळचे पेठकडचे. भाजीबाजारात हमालीला आलो आणि इथलेच झालो. आमच्या पाड्यावर माणूस मेलं की त्याच्या नावानं थाळ लावतात. काशाच्या थाळीत मेणानं एक काडी उभी करायची आणि ती बोटांनी वरून खाली ओढत राहायची. थाळी घुमत राहते. त्या घुमण्यावर कथेकरी कथा सांगतो. कथा संपली की माणूस वाटेला लागलं, असं धरतात.

दहाव्याला तिचा भाऊ आला.

"दाजी, थाळ कधी लावायचा?"

"नाय लावायचा."

"अरे, बहीण माझी अडकून राहील ना!"

"राहू दे. माझ्याच घरात राहील ना?"

त्याचे पुन्हा पुन्हा फोन आले. मी ऐकलं नाही. तिला वाटेला लावायचंच नव्हतं मला.

माझी लेक एका संस्थेच्या मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करते. तिथं स्कॉटलंडहून पाहुणे आले होते. तोही डोंगराळच मुलूख म्हणे. जायच्या आधी त्यांनी आपल्या मुलखातलं गाणं-नाच दाखवायचं ठरवलं, आणि लेकीनं मला ओढत नेलं. बाप्यांनी चौकड्यांचे घागरे घातलेले.

"अगं, हे काय नेसलेत?"

"बा, हसू नको हां. त्यांचा मानाचा पोशाख आहे तो."

पहिले दोन नाच झाले. उड्या मारत होते, टाळ्या पिटत होते, पोरी खूश. मला काही विशेष वाटलं नाही. मग एक उंच, पिकल्या केसांचा माणूस काखेत वाजवायच्या नळ्या लावलेली पिशवी घेऊन उभा राहिला. तिथले सर माइकवर म्हणाले, "आता जे वाजणार आहे, ते गेलेल्या माणसासाठी वाजवतात. यांचा भाऊ मागच्या वर्षी वारला. हे त्याच्यासाठी आहे."

त्यानं पिशवी फुगवली, काखेत दाबली. माझ्या छातीवर कोणी हात ठेवावा तसं झालं. वरती सूर रडत होता, चढत होता, उतरत होता. पण खाली, तळाशी, एकच सूर नुसता घुमत होता. तुटत नव्हता, दम घेत नव्हता. हा थाळीचाच सूर! कुठला मुलूख, कुठली माणसं, देव जाणे मधे किती समुद्र. आणि मेलेल्यासाठी घुमायचं ते असंच घुमायचं, हे त्यांना कोणी शिकवलं? मी खुर्ची धरून ठेवली.

ते थांबलं, आणि त्याच माणसानं त्याच पिशवीतून नाचाचा ठेका धरला. पाहुण्यांतली एक म्हातारी सगळ्यांच्या आधी उठली. मेलेल्या भावाची बायको, असं सरांनी सांगितलं. मला रागच आला. नवरा मेला आणि ही नाचती?

तो नाच आठ जणांचा. समोरासमोर चार जोड्या. पण उभे राहिले सातच. म्हातारीच्या समोर कोणी नाही. एक पोरगी हौसेनं तिथं उभी राहायला धावली, तर म्हातारीनं हसून मान हलवली. नको.

आणि नाचले की ते! आपली पाळी आली की म्हातारी पुढं यायची आणि रिकाम्या जागेला हात द्यायची. तो हात धरून फिरावं तशी गरकन फिरायची. बाकीचेही तिथं आले की हवेला हात देऊन पुढं जायचे. एकाचाही पाय चुकला नाही. हॉलमध्ये कोणी हसलं नाही. जत्रा पाहिल्या, तमाशे पाहिले, बोहाड्यात देवाची सोंगं नाचताना पाहिली. असं कधी पाहिलं नव्हतं.

संपल्यावर मी सरांना गाठलं. "तिला विचारा, एवढं वाजवून त्याला लावला ना वाटेला? मग हात कोणाला देत होती?"

"बा, गप!" लेक म्हणाली.

पण सरांनी विचारलं. म्हातारी माझ्याकडं बघत राहिली, मग काहीतरी बोलली.

"ती म्हणते, तो गेला. पण जागा त्याचीच आहे. ती कशी जाईल?" सरांनी सांगितलं.

मी तिला हात जोडले. तिनंही जोडले.

सकाळी लेकीला न सांगता पेठची पहिली गाडी धरली. मेहुणा अंगणात दात घासत होता. मला बघून तोंडातलं पाणी गिळलंच त्यानं.

"दाजी? सगळं बरं हाय ना?"

"थाळ लावायचा."

त्यानं तोंड पुसलं. आत जाऊन घोंगडी आणली, ओट्यावर अंथरली.

"कथेकऱ्याला विचारून येतो. पण तो विचारील, बाई कशी होती? नवरा सांगतो तेच त्याला सांगावं लागतं."

"बस, मग," मी म्हटलं, आणि सांगायला लागलो.