हपुतले ते एल्ला: गुडघ्याला विचारत दोन दिवस

श्रीलंकेला जायचं ठरलं ते पन्हाळ्यामुळे. दर पावसाळ्यात आमचा कोल्हापूरचा गट पन्हाळा ते पावनखिंड चालतो. दोन दिवस चिखल, जळवा आणि वाटेवरच्या वाड्यांतली झुणका-भाकरी. आमची सौ., म्हणजे शैला, त्यातली जुनी जाणती. पण मध्यंतरी तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आणि गेल्या आषाढात गटाचे म्होरके आबा, निवृत्त पीटी मास्तर, घरी येऊन म्हणाले, "वहिनी, औंदा तुमी जीपमधनं या की. जेवणाकडं तुमचं ध्यान असलं म्हंजे आमाला घोर न्हाय."

"डॉक्टर चाला म्हणतोय, आणि तुम्ही बसा म्हणताय व्हय?" शैलानं विचारलं.

आबा चहा पिऊन गेले. शैला त्या वर्षी गेलीच नाही.

मग तिला कुठूनसं कळलं, की श्रीलंकेच्या डोंगरांत चहाच्या मळ्यांमधून एक लांबच लांब पायवाट आखली आहे. सगळी करायची तर तीनेक आठवडे हवेत. तिनं त्यातला हपुतले ते एल्ला हा दोन दिवसांचा तुकडा निवडला. अट एकच, मध्ये वाहन नाही. "पुरं झालं तर आषाढात आबांच्या पुढं चालणार. न्हाय झालं तर जीप." माझं मत कुणी विचारलं नाही. मी संस्कृत शिकवतो, त्यामुळे मला सवय आहे.

जाणाऱ्यांसाठी: कोल्हापूरहून रात्रीची स्लीपर बस पकडून बेंगळुरू, तिथून विमानानं दीड तासात कोलंबो. प्रवासाची परवानगी आधीच ऑनलाइन काढा. आपल्या एका रुपयाला तिथले तीन-साडेतीन मिळतात, त्यामुळे पहिले दोन दिवस श्रीमंत झाल्यासारखं वाटतं. मग जेवणाचं बिल येतं आणि माणूस जमिनीवर येतो. हपुतलेला रेल्वेनं जा. दिवस जातो, पण खिडकी मिळाली तर तो दिवस हिशेबात धरू नये. आरक्षण लवकर संपतं. आमचं संपलं होतं. दाराशी उभ्यानं, कागदातले वडे खात गेलो.

गाडीत मी शेजाऱ्यांकडून सिंहली शब्द गोळा करत होतो. नुवर म्हणजे नगर. किरि म्हणजे दूध, आपलं क्षीर. आभार मानायला 'स्तूतियि' म्हणतात. आपण जी स्तुती देवासाठी राखून ठेवली, ती हे लोक वडेवाल्याचीही करतात. मी हे शैलाला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "वड्यात मीठ कमी हाय."

पहिल्या दिवशी सकाळी हपुतले धुक्यात होतं. बाजारातून चढ लागला आणि पाऊण तासात धुकं आमच्या खाली गेलं. वाट सोपी, खुणा स्पष्ट. दोन्ही बाजूंना चहा, इतका नीट कापलेला की डोंगराची हजामत नुकतीच झाली असावी. शैला हातात काठी घेऊन, न बोलता चालत होती. तिचं न बोलणं मला चढापेक्षा जड जातं.

मळ्यात पानं खुडणाऱ्या बायका भेटल्या. मी जमवलेला सगळा साठा बाहेर काढला. त्या नुसत्या हसल्या, कारण त्या तमिळ बोलणाऱ्या. शैलाचं माहेर गडहिंग्लजकडचं. तिनं तिकडचं कानडी काढलं, "अक्का, ऊरु?" आणि गाव कुठं, पोरं किती, पगार किती इथपर्यंत पाच मिनिटांत पोचली. माझ्याकडे बोट दाखवून एकीनं काहीतरी विचारलं. शैला म्हणाली, "इल्ला, इल्ला." मला अजून कळलेलं नाही, कशाला नाही म्हणाली ते.

दुपारी डब्यातला भात, वरण आणि ओल्या खोबऱ्याची लाल चटणी खाल्ली. तिखटाबद्दल आपण कोल्हापूरकर जरा गर्विष्ठ असतो. त्या चटणीनं माझा गर्व कमी केला आणि डोळे पुसायला लावले.

घोटाळा झाला संध्याकाळी. मुक्कामाचं बुकिंग आम्ही केलंच नव्हतं. पन्हाळ्याच्या वाटेवर दिवस कलला की कुठल्याही वाडीत शिरायचं. कुणीतरी "पावणं, या आत" म्हणतंच, शाळेत सतरंज्या पडतात. बुकिंग केलं तर वाडीलाच वाईट वाटेल. त्याच भरवशावर आम्ही मळ्यातल्या कामगारांच्या वस्तीत शिरलो. रांगेत चिकटून खोल्या, एकेका खोलीत एक कुटुंब. एका म्हातारीनं काळा चहा दिला, सोबत गुळाचा खडा दिला. झोपण्याची खूण केल्यावर मात्र तिनं आपल्या खोलीकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "इल्ले." तिला ते म्हणताना इतकं अवघड झालं, की मलाच लाज वाटली.

मुकादम आला. त्यानं इंग्रजीत सांगितलं, "बाहेरच्यांना रात्री मळ्यात राहता येत नाही. खोली बंडारवेला गावात मिळेल. मी रिक्षा बोलावतो. तुम्ही आधी ठरवलं नव्हतं?"

"आमच्यात ठरवत न्हाईत," शैला त्याला मराठीत म्हणाली.

रिक्षा आली. शैला चढेना. अंधार पडायला लागला होता.

"अट मोडली," मी म्हणालो.

"कशी? रिक्षा वाटंच्या बाहेर चालली, पुढं न्हाय चालली. उद्या हितनंच सुरू." तिनं काठीनं वाटेवर रेघ मारली आणि मग बसली. अशी पळवाट मीमांसकांनाही सुचली नसती.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षावाल्यानं आम्हांला परत तिथेच सोडलं. एल्ला उलट्या बाजूला आहे, हे त्यानं तीनदा सांगितलं. रेघ रात्रीच्या दंवानं पुसली होती, म्हणून शैलानं थोडं मागूनच सुरुवात केली.

सूचिपर्णी झाडांच्या रानात उतार लागला आणि तिथे गुडघा बोलला. ती आडवी पावलं टाकत उतरू लागली. मी हात पुढे केला, तो तिनं घेतला. घेतला, म्हणून मला काळजी वाटली. दुपारनंतर कितळएल्ला नावाच्या लहानशा स्टेशनवर पोचलो. एल्ला तिथून तासा-दीड तासाच्या चालीवर. शैला बाकावर बसली आणि गुडघा दाबत राहिली.

"थोडंच राहिलंय. हळूहळू जाऊ," मी म्हणालो.

"तुम्ही जावा. मी गाडीनं येते."

मला वाटलं, आता रडेल. ती पिशवीतून शेंगदाणे काढून खात होती.

"अगं, पण आबा?"

"आबांचा गुडघा हाय काय हा? आता रेटलं तर महिनाभर सूज. थांबले तर परवा परत चालीन. डॉक्टरनं हेच सांगितलंतं. तुम्ही तवा त्याच्या भिंतीवरचा श्लोक वाचत होता."

गाडी आली, ती बसली. अट तिची होती आणि पुरी मी केली. एल्लाला पोचलो तेव्हा ती फलाटावर दुसरा चहा पीत बसली होती आणि तिच्या शेजारच्या बाईला तिनं आमच्या दोन्ही मुलांची माहिती देऊन ठेवली होती.

घरी येऊन आठवडा झाला. डोळ्यांसमोर अजून येते ती त्या म्हातारीची खोली. आमच्याकडच्या वाड्यांत घरं मोठी नसतात, पण आम्हांला कुणी 'नाही' म्हणालेलं आठवत नाही. आमच्यासाठी आतमध्ये कोण कुठं सरकत असेल, हे मी कधी वाकून पाहिलं नव्हतं. या आषाढात बघीन. तुम्ही गेलात तर मुक्काम आधी ठरवा, जळवांसाठी मीठ-तंबाखूची पुरचुंडी जवळ ठेवा, आणि शब्द जमवत असाल तर बायकोला सोबत न्या.

काल आबा आले. "काय वहिनी, झालं म्हनं पुरं?"

मी हो म्हणणार होतो. शैला म्हणाली, "शेवटचा तुकडा रेल्वेनं."

"मग औंदा जीप," आबा खूश होऊन म्हणाले.

"जीप लागंल की. माझ्या मागं ठेवा. कुठं बसायचं ते मी सांगीन, तवर चालणार."

आबांनी कपातला चहा संपवला. दाराकडे बघितलं. मग, आयुष्यभर मैदानावर ओरडलेला आवाज अगदी खाली आणून म्हणाले, "वहिनी, तसं असंल तर जीपमधी माजीबी एक जागा धरा. चढाला आता दम लागतोय. गटाला सांगू नका मातर."

गटाला सांगितलेलं नाही. म्हणून तर इथं मी त्यांचं नाव आबा ठेवलंय.