वांगं न भाजण्याचा नवस

देवावर माझा विश्वास तेव्हाही होता, पण खरं सांगायचं तर तो देवघेवीचा होता. माझा धाकटा मुलगा सव्वीस वर्षांचा. डोळे पिवळे झाले तेव्हा साधी कावीळ समजून आम्ही गावठी औषध देत राहिलो. पोटाच्या आतलं दाखवणारी यंत्रं त्या काळी आमच्याकडे कुठली? शेवटी धुळ्याच्या डॉक्टरांनी पोट उघडलं आणि तसंच शिवून टाकलं. स्वादुपिंडाचा कर्करोग. एवढ्या तरुण वयात सहसा होत नाही म्हणाले. त्या ‘सहसा’चं आम्ही काय करायचं? "घरी न्या, मागेल ते खाऊ घाला," एवढंच त्यांनी सांगितलं.

मी मात्र पद्मालयाच्या गणपतीला नवस बोलून बसले होते. पोर उठून शेतात जाईपर्यंत आमच्या घरात वांगं भाजायचं नाही. खानदेशात हिवाळ्यात भरीत सोडणं म्हणजे थट्टा नव्हे! आणि ज्याला पेजही जात नव्हती, त्या माझ्या लेकाला नेमकं भरीतच खावंसं वाटू लागलं. "बरा झालास की करू," म्हणत मी टाळायची. तो भिंतीकडे तोंड करून पडायचा. माझं काळीज तुटायचं, पण नवस मोडला आणि पोर गेलं तर?

न राहवून एका सकाळी पद्मालय गाठलं. पायरीवर रडत बसले. शेजारी एक अनोळखी बाई शिदोरी सोडत होती. भाकरीवर भरीत घालून तिने माझ्यापुढे धरलं. मी मान हलवली, नवस सांगितला, पोराचं मागणंही सांगितलं. तिने हातातली भाकरी खाली ठेवली.

"देव काय वांगाना भुक्या शे का वं माय? भुक्या तं तुन्हा पोरगा शे!"

भुकेला देव नाही, माझा लेक आहे, हेच मनात घोळवत दर्शन घेऊन आले तर ती निघून गेली होती. ती कोण, कुठली, मी कधी शोधलं नाही.

त्याच दुपारी अंगणात कपाशीच्या काड्या पेटवून वांगी भाजली. वास आला तसा तो आपणहून उठून बसला. दोनच घास खाल्ले. "माय, मीठ कमी पडनं," म्हणाला आणि हसला. कित्येक महिन्यांनी मीही हसले.

होळीच्या आधी तो गेला. मागितलं ते मिळालं नाही, त्याचं दुःख आजही आहे. पण लेकाला उपाशी ठेवण्यापासून गजाननाने मला वेळेवर वाचवलं, हे उपकार विसरता येत नाहीत. आता देवळात जाते तेव्हा अटी घालत नाही, नुसते हात जोडते. हिवाळ्यातलं पहिलं भरीत देवापुढे ठेवते. त्यात मीठ थोडं कमीच घालते.