सोळा म्हणजे सोळा

मारामारीच्या ज्या गेमचं मला कॉलेजपासून वेड आहे, त्याच्या नव्या भागात कोणकोण लढणार हे गेमवाल्यांनी जाहीर केलं आणि आमच्या ग्रुपमध्ये रणकंदन माजलं. म्हातारा पैलवान काढून टाकला होता आणि त्याच्या जागी सशाचे कान लावलेली एक शाळकरी पोरगी आणली होती. ग्रुप म्हणजे नागपूरपासून सुरतेपर्यंत पसरलेली, एकमेकांना कधी न भेटलेली माणसं. रविवारी दुपारची जेवणं झाली की आम्ही हेडफोन लावून बोलायला बसायचो, आणि बोलायचो म्हणजे भांडायचो. त्या रविवारी विषय एकच होता, गेम पोरासोरांचा करून टाकला की नाही.

माझं मत कुणाला विचारावं लागत नाही, मी ते आधीच सांगितलेलं असतं. गेमच्या डब्यावर सोळा वर्षांवरील असं छापलंय, तर सोळा म्हणजे सोळा. त्यात हाडं मोडतात, रक्त उडतं. लहान पोरांनी ते बघायचं नाही, आणि त्यांना भुलवायला ससेबिसेही आणायचे नाहीत. विरुद्ध बाजूने सगळ्यात मोठ्याने बोलत होता तो माझा सख्खा धाकटा भाऊ. मी लग्न होऊन पालघरला, तो बोईसरजवळ कुंभवलीला आमच्या माहेरच्या घरी. त्याचं म्हणणं असं की नवी पोरं आली नाहीत, तर हा गेम आमच्याबरोबरच म्हातारा होऊन मरेल. वर तो चारचौघांत माझं बिंगही फोडायचा. बोईसर स्टेशनजवळच्या गेम पार्लरमध्ये आम्ही टोकन टाकून खेळायचो, तेव्हा त्याचा हात बटणांपर्यंत पोचत नसे आणि मीच त्याला रंगाच्या रिकाम्या डब्यावर उभं करायचे. तेव्हा कुठे गेली होती हिची सोळा वर्षं, असं तो विचारायचा आणि सगळा ग्रुप माझ्यावर हसायचा.

माझी सात वर्षांची मुलगी त्या दिवशी त्याच्याकडेच होती. रविवार तिचा मामाकडचा वार. ती घरात असेपर्यंत टीव्हीवर गेम लावायचा नाही, हा माझा दंडक. तिला अंधाराची भीती, पालीची भीती, मिक्सर लावला तरी कानांवर हात. तिला आणखी ही हाडं मोडणारी माणसं कशाला दाखवायची? भाऊ कुरकुरत का होईना, पण पाळायचा. ती शेजारी चित्रं काढत बसायची आणि तो फोनवर नुसता भांडायचा.

मी पैलवानाची बाजू लढवत होते आणि भावाचं बोलणं मध्येच तुटलं. मागे भांडी पडल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "हललं. घर हललं. चल बाय, भायेर चल." हे माझ्यासाठी नव्हतं, मुलीसाठी होतं. हेडफोन कशावर तरी आपटला, कडी निघाली, आणि पुढे काहीच ऐकू आलं नाही.

आमच्याकडे घर हललं की लोक पहिला प्रश्न विचारतात, भूकंप का कंपनी? डहाणू-तलासरीकडे जमीन अधूनमधून गुरगुरते आणि तिचे हादरे आमच्यापर्यंत येतात. दुसरीकडे माहेरच्या घराच्या पाठीशीच कारखाने, तिथे कधी काय फुटेल याचा नेम नाही. भांडी दोन्ही वेळी सारखीच वाजतात, करायचं मात्र अगदी उलट असतं. भूकंप असेल तर घराबाहेर पळायचं. कंपनी असेल तर दारंखिडक्या लावून, नाकाला ओलं फडकं धरून आत बसायचं.

भावाने भूकंप धरला होता. मी पालघरात पलंगावर बसले होते आणि उशाशी ठेवलेल्या पेल्यातलं पाणी स्थिर होतं. कुंभवलीत भांडी पाडणारा भूकंप झाला असता तर माझ्याकडे निदान पंखा तरी डुलला असता.

"आत जा," मी ओरडले. "भूकंप नाय, कंपनी हाय. तिला घेऊन आत जा."

ऐकायला तिथे कोणी नव्हतं. ऐकलं ते नागपूरने आणि सुरतेने. कुणीतरी हिंदीत विचारलं की दीदी, काय झालं. एकाला वाटलं मी वादात हरतेय म्हणून चिडले, आणि तो हसला. त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता, पण त्याला मी अजून माफ केलेलं नाही.

भावाचा फोन नुसता वाजत राहिला. नवरा ड्युटीवर होता, त्याला कळवायचंही मला सुचलं नाही. मी स्कूटी काढली. एरवी मी कुणाला भिणारी नाही, सासरचे तर उलट मलाच भितात. पण त्या रस्त्यावर माझे दात एकमेकांवर वाजत होते. बोईसरकडून येणाऱ्या रिक्षांतली माणसं तोंडाला रुमाल धरून बसली होती. एक रिक्षावाला हात बाहेर काढून ओरडला, "उधर मत जाओ, गॅस है."

मग धूर दिसला. पिवळट होता आणि आमच्या घराच्या बाजूला झुकलेला होता. मला डोळ्यांपुढे एकच दिसत होतं. पोरगी अंगणात चिकूखाली मामाचा हात धरून उभी आहे आणि भूकंप थांबायची वाट बघते आहे. कारण मीच तिला पढवलं होतं, हललं की बाहेर पळायचं आणि मोठ्यांनी सांगितल्याशिवाय आत यायचं नाही. ती फार ऐकणारी मुलगी आहे. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, देवा, तिने माझं ऐकलेलं नसू दे.

अंगण रिकामं होतं. चिकूखाली तिची एकच चप्पल पडली होती. घशात तिखट गेल्यासारखं होत होतं. दूर सायरन चालू होता आणि घराचं दार बंद होतं. मी दोन्ही हातांनी दार बडवलं. आतून भावाचा आवाज आला, "कोन?" त्याने दार फटीएवढं उघडलं, मला दंडाला धरून आत ओढलं आणि ओली चादर परत पायाने दाराखाली सारली.

मुलगी टीव्हीसमोर बसली होती. नाकाला ओला नॅपकिन बांधलेला, कानांवर मामाचा तो मोठा हेडफोन, हातात कंट्रोलर. पडद्यावर कुणीतरी कुणाचं तरी कंबरडं मोडत होतं.

"सायरन आयकून थरथरत व्हती," भाऊ म्हणाला. तो माझ्याकडे बघत नव्हता. "मला दुसरं काय सुचलं नाय."

मी तिचे डोळे पाहिले. ते लाल होते. पाठीला कान लावून श्वास ऐकला. खोकली, पण छाती मोकळी होती. मी तिच्याजवळ जमिनीवर बसले आणि तिच्या एका कानावरचा हेडफोन बाजूला केला. पडद्याकडे बोट करून विचारलं, घाबरलीस का गं?

"याला नाही घाबरले," ती म्हणाली. मग मामाकडे बघून आवाज अगदी बारीक केला. "आम्ही बाहेर उभे होतो. मग मामाने मला उचललं आणि पळत आत आणलं. 'मीच तुला भायेर नेलं, मीच नेलं,' असं म्हणत तो टॉवेलात तोंड घालून रडला. तेव्हा घाबरले. आई, तू नको रडू."

मी दुसरा कंट्रोलर उचलला आणि तोंड टीव्हीकडे केलं.