समुद्राला पूर येतो तेव्हा

आईला समुद्रात पाय बुडवायचे होते. एवढंच. साठी उलटली तरी तिने समुद्र पाहिला होता तो टीव्हीवर, आणि तिथेही नेमकी मध्येच जाहिरात लागायची. अडचण होती बाबांची. शेणव्याला, आमच्या गावी, नदीवर कपडे धुताना एकदा अचानक पाणी वाढलं आणि आई वाहून जाता जाता वाचली. बाबांनी तिला वेणीला धरून ओढून काढलं. तेव्हापासून घोट्याच्या वरचं पाणी म्हणजे बाबांचा वैरी. आई बादली घेऊन न्हाणीत निघाली तरी ते म्हणतात, "जपून गो."

पहिल्यांदा मी दोघांना मे महिन्यात नेलं, पालघरच्या बाजूला. माझी अक्कल बघा, भर दुपारी! वाळू इतकी तापलेली की आई चप्पल काढायला तयार होईना. सुरूच्या सावलीत शिदोरी सोडली. ऊन कललं तशी आई उठली, पदर खोचला, आणि बाबा ताडकन उभे राहिले. मघाशी लांब असलेलं पाणी चांगलंच जवळ आलं होतं. आभाळ ठणठणीत कोरडं आणि पाणी चढतंय! आमच्याकडे याचा अर्थ एकच असतो.

"पळा रे! धरणाचं पाणी सोडलंय!"

बाबा हात वर करून ओरडत सुटले. बसने आलेली एक अख्खी सहल टॉवेल गुंडाळून रस्त्यावर. भेळवाल्याने गाडी हलवली. मी बाबांना भरती समजावायला गेले, तर त्यांनी मलाच झापलं, "मग पाणी सोडायच्या आधी भोंगा कसा नाय वाजवला?" आई कोरडीच घरी आली आणि दोन दिवस कोणाशी बोलली नाही. मला बाबांचा सणसणीत राग आला होता.

दुसऱ्यांदा गेलो ते लावणी आटोपल्यावर. किनाऱ्यावर लाल झेंडा, आणि शिट्टी फुंकणारा जीवरक्षक कोणालाच पाण्याजवळ जाऊ देईना. सरकारी माणूस बाबांना आयुष्यात इतका कधी आवडला नव्हता. त्यांनी त्याला घरची काकडी दिली आणि त्याच्या वतीने दोन जोडप्यांना हाकलूनही लावलं. आई छत्रीखाली बसून होती. "एवढं पाणी," ती म्हणाली, "आन् माझ्या वाट्याला वाटीभर नाय." मला तिच्याकडे बघवेना.

तिसऱ्यांदा भात झोडून झाल्यावर गेलो, थंडीत. या वेळी पाणी शांत असतं ती वेळ आणि जागा मी जीवरक्षकाला आधीच विचारून घेतली. त्याने हात केल्यावरच बाबा हलले. त्यांनी आईचं मनगट दोन्ही हातांनी धरलं आणि दोघं पाण्यात शिरले. पहिल्याच लाटेला आईच्या दोन बांगड्या वाढल्या. लाटेचा त्यात काही दोष नव्हता, बाबांची पकडच तशी होती. पायाखालची वाळू सरकली तशी आई खिदळली. असं हसताना मी तिला कधी पाहिलंच नव्हतं. बाबा तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

थोड्या वेळाने आई म्हणाली, "चला आता. झालं माझं समाधान. थंडी वाजतेय."

बाबा गुडघाभर पाण्यात होते. मनगट त्यांनी अजून सोडलं नव्हतं.

"थांब गो," ते म्हणाले, "अजून एक येऊ दे."