प्रॉम्प्टरचा गळा

पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीच्या नाटकात प्रॉम्प्टर म्हणजे कोण, हे बाहेरच्या माणसाला समजावून सांगावं लागतं. दिवाळी ते होळी आमच्या कंपन्या रोज नव्या गावात नाटक लावतात. तालमीला वेळ कोणाकडे? नट दुपारी गाडीतून उतरतात, संध्याकाळी रंग फासतात आणि माझ्या भरवशावर स्टेजवर जातात. मी विंगेत बसून प्रत्येक वाक्य त्यांच्या आधी कुजबुजतो. टाळ्या अर्थातच त्यांना.

सीझन संपला की सगळ्यांचे गळे बसलेले असतात, आणि त्याचा आमच्यात माज असतो. ज्याचा आवाज शाबूत, त्यानं काम काय केलं? त्यामुळे होळीनंतर माझा घोगरेपणा गेला नाही तेव्हा कोणाला त्याचं काही वाटलं नाही. मलाही नाही. उलट दोघा-तिघांनी पाठ थोपटली. मग रोवणीच्या दिवसांत बांधावरून बायकोला हाक मारली, ती पलीकडच्या बांधीत धान लावत होती, तिला ऐकूच गेली नाही. घरी येऊन म्हणाली, "तुमचा आवाज काऊन असा येऊन राह्यला? नाटक तं कवाचं संपलं."

चंद्रपूरच्या डॉक्टरांनी घशात दुर्बीण घातली, तुकडा तपासायला पाठवला. स्वरयंत्राच्या पट्टीवर कॅन्सर निघाला, अगदी सुरुवातीचा. "नशीबवान आहात, वेळेवर आलात." त्या वर्षी जो तो मला नशीबवान म्हणायचा आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. चिरफाड नको, किरणांनी शेकून बरं होईल, असं ठरलं. डॉक्टर म्हणाले, "बोलू नका, आणि कुजबुजू तर मुळीच नका. त्यानं गळ्यावर जास्त ताण येतो." मी हसलो. का हसता, त्यांनी विचारलं. सांगण्यापुरता आवाज उरला नव्हता.

नागपूरला गरम पाण्यात मऊ केलेली प्लॅस्टिकची जाळी माझ्या तोंडावर दाबून मुखवटा बनवला. शनिवार-रविवार सोडून रोज तो चढवून मला टेबलाला जखडायचे. शेकताना काही कळत नाही, कळतं ते पुढे. मानेची कातडी काळी पडली, थुंकी गिळताना डोळ्यांत पाणी यायचं, आणि होता तो आवाजही गेला. बायकोला माझ्या जिवाची काळजी. मला विंगेतल्या खुर्चीची. आवाज परत आला नाही तर खुर्ची गेली, एवढंच डोक्यात. कंपनीच्या मॅनेजरनं फोनवर सांगितलं होतं, "भाऊ, खुर्ची तुमचीच हाय. बरे होऊन या." त्या बोलण्यावर मी सगळा सीझन काढला.

बरा झालो. आवाज हळूहळू परत आला, पहिल्यापेक्षा मोकळा. पुढच्या दिवाळीच्या तोंडावर वडशाला कंपनीच्या ऑफिसात गेलो. सगळ्यांना काचेच्या ग्लासात चहा आला, मला कागदी कपात. मी तरी भोळ्यासारखा प्यायलो.

"आवाज एक नंबर झाला, भाऊ," मॅनेजर म्हणाला. "पन आर्टिस्ट लोक घाबरून राह्यले. ते किरनं अंगात राह्यतेत म्हनतेत. तुमच्या बाजूले कोनी उभं राह्याले तयार नाई."

"डॉक्टरले विचारा. असं काई नसते."

"मले मालूम हाय जी. त्याईले कोन समजावल?"

हीच माणसं स्टेजवर कॅन्सरच्या पेशंटच्या उशाशी ढसाढसा रडतात, अख्ख्या गावाला रडवतात. ते रडणंही मीच विंगेतून सांगितलेलं. असल्या माणसांचा मला राग आहे, आणि तो जायचा नाही.

ऐन सीझनात मॅनेजरचा फोन आला. नवा प्रॉम्प्टर तापानं पडला होता, नाटक मूलजवळच्या गावात. "आजच्या दिवस या, भाऊ. गाडी धाडतो. आता कोनी काई म्हनत नाई." अडला हरी गाढवाचे पाय धरी.

मी खणखणीत आवाजात म्हणालो, "नाई जमत, भाऊ. माहा गळा बसला हाय."

फोन ठेवला तेव्हा फार बरं वाटलं. मग संध्याकाळ झाली, नटांची रंग फासायची वेळ. मी अंगणात बसून मोठ्यानं रडलो. बायकोनं आवरलं नाही.